मामा, माझी तूर आणि तुमचा विरोध

मामा, तुम्ही गेलात तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी हायसं वाटलं.

दुपारची वेळ होती. आत्या तुमच्या तळपायांना तेल चोळत होत्या. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर चालू होती आणि ती चालू असतानाच तुमचा श्वास थांबला. तीर्थपुरीहून डॉक्टर येऊन बघून गेले. मग तुमच्या लेकानं, संतोषनं, उठून मशीनचं बटण बंद केलं आणि घर एकदम शांत झालं. वीज जाईल का, इन्व्हर्टर पुरेल का, रात्र कशी जाईल, असले प्रश्न त्या एका बटणासरशी संपले. आत्या म्हणाल्या, "सुटले बाई. लई ओढून राह्यले होते." त्यांनी तेलाचे हात पदराला पुसले आणि मग त्या रडायला लागल्या. मीही.

सासरा गेल्यावर सुनेनं हायसं वाटलं म्हणावं, हे चारचौघांत बरं दिसत नाही. तुम्हाला मात्र हे बिनदिक्कत सांगता आलं असतं. एकतर तुमचे हाल संपले. आणि दुसरं म्हणजे, आपल्या दोघांत ज्या गोष्टीवरून एवढी भांडणं झाली, त्या गोष्टीचा कडवटपणा घेऊन तुम्ही गेला नाहीत. एक काळ असा होता की मला त्याचीच भीती वाटायची.

आपल्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. लग्नाआधी मला हे शब्द जड जातील असं वाटलं होतं. पण तुम्ही मला बघायला आलात तेव्हाच ते सोपं झालं. तुम्ही विचारलं होतं, "कंपनीत काय काम करतीस?" मी म्हणाले, "बियाण्यावर संशोधन." तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "म्हंजे आधीचं बियाणं बराबर नव्हतं का?" सगळे हसले. मला मात्र राग आला. मी तुम्हाला तुरीच्या मर रोगाबद्दल सांगायला लागले. भर फुलात आलेलं झाड उभ्या उभ्या कसं वाळतं, मुळातून वर कसा रोग चढतो, शेजारचं झाड हिरवं आणि हे काडीसारखं, असं बरंच काही. पोहे गार झाले. माझ्या आईनं डोळे वटारले. परत जाताना तुम्ही संतोषला म्हणालात म्हणे, "पोरगी भांडती. हो म्हण."

जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावी राहिलात, आत्यांबरोबर शेत बघितलं. कुठलं पद घेतलं नाहीत, कुठल्या पक्षात गेला नाहीत. गावात सगळे तुम्हाला मास्तरच म्हणायचे. आणि मी जालन्यात, कंपनीच्या प्रयोगशाळेत, त्या मर न लागणाऱ्या तुरीच्या मागे. आमची तूर तयार झाली तेव्हा मी पहिला फोन तुम्हाला केला होता. तुरीतच असलेला एक जनुक आम्ही जरासा बदलला होता, बाहेरचं काही आणून घातलं नव्हतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "छान केलं. आता ती पेरायची कुठं, हे कोण ठरवणार?" तेव्हा मला वाटलं, मास्तरांची सवय आहे, प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

मग दिल्लीतून कायद्यातल्या बदलाचा मसुदा आला. जनुकात फेरफार केलेल्या पिकांसाठी जो कडक कायदा आहे, तो आमच्या तुरीसारख्या पिकांना लावायचा नाही, असं त्यात होतं. शेतात ट्रायल घ्यायला राज्याची परवानगी नको, गावाला विचारायला नको. कंपनीत पेढे वाटले. खोटं कशाला बोलू, मीही दोन खाल्ले.

कायदा सैल होण्याची वाट न बघता कंपनीनं ट्रायलसाठी जमीन शोधायला सुरुवात केली होती. ती जमीन नेमकी आपल्या गावच्या शिवारात, ओढ्याच्या पलीकडे निघाली. हे मला कंपनीनं सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत. त्या रविवारी तुम्ही जालन्याला आलात, चप्पल काढायच्या आत म्हणालात, "तुझी तूर आपल्या गावात येऊन राह्यली. आम्हाला कुणी विचारलं का?"

"मला खरंच माहीत नव्हतं, मामा."

"तुला माहीत न्हाई, मला माहीत न्हाई, गावाला माहीत न्हाई. मंग माहीत कोणाला हाये?"

त्या दिवशी जेवताना आपलं पहिलं मोठं भांडण झालं. तुमचं म्हणणं, आपल्या गावात घरोघर घरचीच तूर पेरतात, बी राखून ठेवतात, त्यात दुसरं काही मिसळलं तर ते कुणाच्या संमतीनं? माझं म्हणणं, कायदा असाच कडक राहिला तर फायदा बड्या कंपन्यांचाच आहे. एवढ्या परवानग्या, एवढे अहवाल त्यांनाच परवडतात. कृषी विद्यापीठातल्या साध्या प्रयोगशाळेनं चांगलं वाण काढलं तरी ते कपाटातच पडून राहतं. तुमचा घास हातातच राहिला. मग म्हणालात, "हे तू बराबर बोललीस. याचं उत्तर माझ्याकडं न्हाई." मला जिंकल्यासारखं वाटायच्या आत पुढे म्हणालात, "पण कायदा सैल करायचा म्हंजे आम्हालाच बाहेर काढायचं, हे कुठलं गणित?"

संतोष म्हणाला, "भाजी वाढू का कुणाला?"

तुम्ही गावोगाव बोलायला लागलात. शहागडला हायवेच्या कडेला सभा झाली, त्याचं चित्रण माझ्या मोबाइलवर आलं. मागे ट्रक हॉर्न वाजवत चाललेत आणि तुम्ही माइकवर सांगताय की, असलं धान्य खाल्लं की माणसाला मूलबाळ होत नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांनी ते बघितलं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमचे सासरे ना हे?" मी बाहेर जाऊन तुम्हाला फोन लावला.

"मामा, हे खोटं आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मोबाइलवर आल्तं. पुष्कळ लोकं म्हणून राह्यलेत."

"पुष्कळ लोक म्हणतात म्हणून तुम्ही वर्गात काही शिकवलं असतं का?"

तुम्ही फोन ठेवून दिलात. त्यानंतर कित्येक आठवडे तुमचा फोन नाही. मी गावी आले तरी तुम्ही शेतात. आत्या म्हणायच्या, "रुसलेत. बोलू नको आत्ता, आपोआप येतील." मला राग होता आणि वाईटही वाटत होतं. घरातल्या घरात दोन बाजू पडल्या आणि त्या तशाच राहतील, असं वाटायला लागलं होतं.

तीर्थपुरीच्या बाजाराच्या दिवशी तुमची सभा होती. संतोष म्हणाला, चल. मी मागे, भाजीवाल्यांच्या पालाजवळ उभी राहिले. तुम्हाला मी दिसले होते की नाही, मला आजही माहीत नाही. तुम्ही माइक घेतलात आणि पहिलंच वाक्य बोललात, "मागं शहागडला मी बोललो, की हे खाल्ल्यानं लेकरं होत न्हाईत. त्याला काही आधार न्हाई. माझ्या सुनेनं माझी चूक दाखवली. ते वाक्य मी परत घेतो. बाकी सगळं बिलकुल कायम."

तुमच्या बरोबरीचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गंगाधरकाका, जे तुमच्यासोबत प्रत्येक सभेला असायचे, खाली येताना तुमच्या कानाशी लागले, पण आवाज एवढा की मलाही ऐकू आलं, "मास्तर, लोकं त्याच्यासाठीच तर आल्ते!"

तुम्ही म्हणालात, "मंग पुढच्या बारीला खऱ्यासाठी येतील."

त्या दिवशी बाजारातून परत येताना मला तुमच्याशी बोलायचं होतं. मी तुमच्या पिशवीतली वांगी माझ्या पिशवीत घेतली, तुम्ही ती घेऊ दिलीत, आणि आपण घरापर्यंत नुसते चालत आलो. आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

मग ग्रामसभा. कंपनीच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही घरच्याच आहात. लोक तुमचं ऐकतील." मी त्यांच्याबरोबर गेले. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, ते गाव जवळ आल्यावर काढावंसं वाटलं, पण काढलं नाही. ग्रामपंचायतीपुढच्या पत्र्याच्या शेडखाली एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. बायका एका बाजूला, त्यांत पुढेच आपल्या शेजारच्या कौसाबाई. मी उभी राहिले तसा मागून आवाज आला, "मास्तरांच्या घरात फूट पाडायला आली का?"

तुम्ही उठलात. तेव्हाच तुम्हाला उभं राहिलं की धाप लागायची. "थांबा," म्हणालात. "आज ती माझी सून म्हणून आली न्हाई. ती शिकलेली हाय, तिचं काम सांगायला आली. आधी ऐका. मंग विचारा काय विचारायचं ते."

मी बोलले. मनापासून बोलले. मर रोगानं वाळलेली तूर आणि आमची तूर, दोन्हींचे फोटो दाखवले. आम्ही काय बदललं, काय बदललं नाही, ते सांगितलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी तुम्ही हात वर केलात, वर्गातल्या मुलासारखा.

"मधमाश्या तुमच्या तुरीवरून आमच्या तुरीवर येणार का?"

"येऊ शकतात. अंतर ठेवलं तर शक्यता कमी होते."

"आल्या, आणि आमच्या बियाण्यात मिसळलं, तर ते परत काढून घेता येईल का?"

साहेब माझ्याकडे बघत होते. गोल गोल बोलायची मला सवय नव्हती, आणि तुमच्यासमोर तर जमलंच नसतं. मी म्हणाले, "नाही. घरोघरच्या बियाण्यात एकदा गेलं तर परत वेगळं काढता येणार नाही. त्यानं काही वाईट होईल असं मला वाटत नाही. पण परत काढता येणार नाही, हे खरं आहे."

मला वाटलं, आता तुम्ही लोकांकडे वळाल आणि म्हणाल, ऐकलंत ना? तुम्ही तसं काही केलं नाहीत. "बस. एवढंच विचारायचं होतं," म्हणालात आणि खाली बसलात. मग ठराव मांडला गेला. गावाला विचारल्याशिवाय आणि गावानं हो म्हटल्याशिवाय इथे ट्रायल नको. हात वर झाले. जवळपास सगळेच.

माझं नाव जालन्याच्या मतदार यादीत, त्यामुळे मला हात वर करायचा प्रश्नच नव्हता. असता तर मी काय केलं असतं, हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. एवढे प्रश्न विचारणारा माणूस, पण हा एक टाळलात. मला अडचणीत टाकायचं नव्हतं, हे मला कळत होतं. आज सांगते, मामा. मी हात वर केला असता. माझ्या तुरीच्या विरोधात नाही. न विचारता आणलेल्या तुरीच्या विरोधात.

ग्रामसभेनंतरच्या आठवड्यात साहेबांनी मला ट्रायलच्या कामातून काढून बियाण्याची उगवण तपासायच्या खोलीत बसवलं. नोकरी जाते का राहते, अशी धाकधूक होती. तुमचा फोन आला. "नोकरी हाय ना?" मी म्हणाले, आहे. "मंग रविवारी जेवायला ये. आत्या शेंगोळे करून राह्यली." बाकी काही नाही. सॉरी नाही, शाबास नाही. मला तेवढं पुरलं.

नंतर तुम्ही मसुद्यावर हरकती पाठवायचं मनावर घेतलंत. एक दिवस तो मसुदा माझ्यापुढे ठेवलात. इंग्रजीतला, कलमांवर कलमं. म्हणालात, "याचं मराठी करून दे."

"मी? मामा, मी यातल्या निम्म्या गोष्टींच्या बाजूनं आहे."

"म्हणूनच तू कर. आमच्यातल्या कुणी केलं तर आपल्या बाजूनं वळवील. तू वळवणार न्हाईस."

मी केलं. एकही शब्द इकडेतिकडे होऊ दिला नाही. माझ्या नोकरीत मला पुष्कळ प्रमाणपत्रं मिळाली, पण तुमच्या त्या वाक्याएवढं मोठं कुणी मला काही दिलेलं नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

ते मराठी घेऊन तुम्ही गावोगाव फिरलात. जांब समर्थला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खुर्ची टाकून बसलात. आपण बौद्ध, देवळाशी आपला काही संबंध नाही, पण तुम्ही म्हणालात, माणसं जिथं येतात तिथं बसायचं. दर्शनाहून परतणाऱ्या बायांना थांबवून तुम्ही त्यांच्या डाळीबद्दल बोलायचात. कुणी ऐकायचं, कुणी पुढे जायचं. जी ऐकायची ती सही करायची. तुमच्यासारखी माणसं इतर जिल्ह्यांतही असं करत होती. बोलता बोलता तुम्हाला मधेच थांबून श्वास घ्यावा लागायचा. संतोष चिडायचा, "बाबा, घरी बसा आता." तुम्ही म्हणायचात, "घरी बसल्यावर काय, श्वास वाढून मिळतो का?"

अखेर तुम्हाला घरी बसावंच लागलं. मशीन आलं, नाकात नळी आली. आणि त्या दिवसांतच ती बातमी कळली. कंपनीनं आपल्या गावातली ट्रायल रद्द केली. आमच्या तुरीची चाचणी आता कंपनीच्याच जागेत, जाळीच्या घरात, जुन्या कायद्यानं परवानगी काढून होणार. मला परत त्या कामावर घेतलं. मसुद्याचं काय ते ठरलेलं नव्हतं, एवढ्या हरकती आल्या होत्या की त्यावर फेरविचार चाललाय, असं म्हणत होते.

मी सुट्टी टाकून सांगायला आले. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "मंग तुझ्या तुरीचं काय?"

"होईल. उशीर लागेल."

"मरणार न्हाई ना ती तोवर?"

"तिला मर लागतच नाही, मामा."

तुम्ही हसलात आणि खोकल्याची उबळ आली. आत्या आतून धावत आल्या आणि दोघांनाही रागावल्या, "बोलू नका म्हणलं ना डॉक्टरनं! अन् तू बी, हसवतीस काय त्याह्यला?" उबळ थांबल्यावर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तू म्हणालीस त्या विद्यापीठाच्या साध्या प्रयोगशाळेचा विचार केला मी. परवानगीचा खर्चा सरकारनं उचलावा. त्याच्यासाठी गावाचा हक्क कशाला काढायचा?"

"हे अर्धंच उत्तर झालं. वेळेचं काय? अहवालांचं काय?"

"अर्धं मी दिलं. अर्धं तू बघ," म्हणालात, आणि डोळे मिटलेत. तुमचा चेहरा मी बघत राहिले. बऱ्याच दिवसांनी तो असा मोकळा दिसत होता. माझाही तसाच दिसत असावा, कारण आत्या म्हणाल्या, "झालं का भांडण? चहा ठेवते." त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली. संतोष मांडववाल्याचं बघत होता. मी भांडी आत नेत होते, तर कौसाबाई चार-पाच जणींना घेऊन ओट्यावर येऊन बसल्या.

"मास्तर गेले," त्या म्हणाल्या. "पण तो कायद्याचा कागद बदलून परत आला म्हणतेत. आता त्याच्यात काय हाय, ते आम्हाला कोण सांगणार?"

नवा मसुदा माझ्या मोबाइलमध्ये होता. मी हात पुसले आणि त्यांच्यात बसले. एकेक कलम वाचलं, मराठीत सांगितलं. काय बदललं, काय तसंच आहे, कुठे शब्द मोघम आहेत, सगळं. त्या मधेमधे थांबवून विचारत होत्या. मला जे कळत नव्हतं, ते कळत नाही म्हणून सांगितलं. शेवटी कौसाबाईंनी विचारलं, "मंग तुमचं सोताचं काय म्हणणं?"

तुमच्या दारात, तुमचा कार्यक्रम आत्ताच झालेला. मग म्हटलं, मामांच्या ओट्यावर खोटं कशाला. "माझं म्हणणं, कायदा एवढा कडक नको. पण गावाला विचारायचं कलम काढायलाही नको."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. कौसाबाई मांडी बदलून बसल्या.

"दुसरं बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पहिलं आम्हाला पटलं न्हाई."

"का?"

"सांगते ना. जायची जल्दी हाय का तुम्हाला?"

मला कुठेच जायचं नव्हतं, मामा. मी भिंतीला पाठ टेकली, आत्यांनी चहा आणला, आणि कौसाबाई त्यांना का पटलं नाही ते मला सांगायला लागल्या.